हेलिकॉप्टरमधून डुकरं मारून टेक्सासमध्ये नक्की काय झालं?

गेल्या काही महिन्यांत तोच एक व्हिडिओ मला भारतातून पाच-सहा जणांनी पाठवलाय. टेक्सासमधलं मोकळं रान, वर हेलिकॉप्टर, बंदूकवाला दारात पाय बाहेर सोडून बसलाय आणि खाली काळ्या डुकरांचा कळप जीव घेऊन पळतोय. सोबत मजकूर असा की बघा, अमेरिका आपल्या शेतकऱ्यासाठी काय करते, आणि आपल्याकडे रानडुकराला हात लावला तर शेतकरीच आत जातो. त्यावर लगेच दुसऱ्या बाजूचे लोक तुटून पडतात, की हा क्रूरपणा आहे, जंगल त्यांचंच होतं, आपणच घुसलो. मग दिवसभर तेच चालतं. एक बाजू म्हणते बंदूक द्या, दुसरी म्हणते बंदूक पाप आहे, आणि या सगळ्यात एक साधा प्रश्न कुणीच विचारत नाही की बाबांनो, इतकी वर्षं हेलिकॉप्टर उडवून टेक्सासमधली डुकरं कमी झाली का?

मी बारा वर्षं टेक्सासमध्ये राहतोय आणि माझं मूळ घर यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचं आहे, त्यामुळे डुकराने केलेलं नुकसान मी दोन्हीकडे डोळ्यांनी पाहिलंय. माझं म्हणणं आधीच सांगतो. डुकरं मारायला माझा अजिबात विरोध नाही, पिकात घुसणारं डुक्कर मारावंच लागतं. पण शिकार हौशी लोकांना खुली केली की डुकरं आटोक्यात येतात ही समजूत चुकीची आहे, आणि ती चुकीची आहे हे दाखवणारं सगळ्यात मोठं उदाहरण टेक्सासच आहे. जो व्हिडिओ पुरावा म्हणून फिरतोय तोच उलटा पुरावा आहे. आणि गंमत म्हणून नाही, मनापासून वाईट वाटून सांगतो, की इथे या डुकराने ज्यांचं नुकसान केलं त्यात हरणाचे शिकारी आहेत, म्हणजे ज्यांच्या हातात आधीपासून बंदूक होती तेच.

आधी हे डुक्कर इथलं नाही हे समजून घ्यायला पाहिजे. आपलं रानडुक्कर हजारो वर्षांपासून आपल्याच जंगलातलं आहे, अमेरिकेत मात्र डुक्कर हा प्राणी मुळात नव्हताच. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कॅरिबियन बेटांवर डुकरं नेली आणि १५३९ मध्ये दे सोतो हा स्पॅनिश सरदार फ्लोरिडात उतरला तेव्हा सैन्याच्या पोटासाठी त्याच्यासोबत डुकरांचा कळप होता. त्यातली सुटली, पुढे वसाहतवाल्यांची मोकाट सोडलेली सुटली, ती रानटी झाली. इथपर्यंत ठीक. पण त्यानंतर विसाव्या शतकात श्रीमंत शिकाऱ्यांनी मुद्दाम युरोपातलं जंगली डुक्कर शिकारीसाठी मागवलं, १९१२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या हूपर बाल्ड नावाच्या डोंगरावर कुंपणात ठेवलं, ते काही वर्षांत कुंपण फोडून पळालं. टेक्सासमध्येही १९३० च्या दशकात रँचवाल्यांनी, म्हणजे मोठ्या कुरणांच्या मालकांनी, शिकारीसाठी तेच केलं. आज इथे जे फिरतंय ते या सगळ्यांचं मिश्रण आहे, आणि टेक्सासच्या २५४ काउंट्यांपैकी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) जवळजवळ सगळ्यांत ते पोचलंय. म्हणजे या गोष्टीची सुरुवातच शिकारीच्या हौसेतून झालीय, हे लक्षात ठेवा.

आता हरणाचं. टेक्सासमध्ये हरीण ही फार मोठी गोष्ट आहे, नोव्हेंबरचा पहिला शनिवार म्हणजे अर्ध्या राज्याचा सण असतो. इथली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे, त्यामुळे शिकार करायची तर रँचमालकाकडून सीझनसाठी जमीन भाड्याने घ्यायची, याला डियर लीज म्हणतात. माझ्या शेजाऱ्याची अशी एक लीज आहे, हिल कंट्रीमध्ये, आमच्याकडून दोन तासांवर. मी शिकार करत नाही पण त्याच्यासोबत दोन-तीनदा गेलोय. गेल्या ऑक्टोबरमध्ये सकाळी पोचलो तर ओकच्या झाडांखाली अर्धा एकर जमीन अशी उकरलेली होती की मला वाटलं कुणी रोटाव्हेटर मारलाय. दवात भिजलेली काळी माती वर आलेली, मुळं उघडी पडलेली, एकॉर्न, म्हणजे ओकचं फळ, एकही शिल्लक नाही. फीडरचा, म्हणजे हरणांसाठी मका टाकणारं जे मशीन असतं त्याचा, एक पाय वाकलेला. बाजूच्या खांबाला गुडघ्याच्या वरपर्यंत चिखल घासलेला आणि त्या चिखलात राठ काळे केस चिकटलेले. वास असा की बराच वेळ नाकातून जात नव्हता.

शेजाऱ्याने झाडावरच्या कॅमेऱ्याचं कार्ड काढलं आणि आम्ही गाडीच्या मागच्या फळीवर बसून फोटो बघत गेलो. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं, तीन माद्या मका खातायत. सहा चाळीसला तिघींच्या माना वर, कान एकाच दिशेला. पुढचा फोटो रिकामा. त्यापुढचा, चौदा डुकरं. मग रात्रभर डुकरंच. साडेचारला शेवटचं डुक्कर गेलं, आणि उजाडेपर्यंत एकही हरीण परत आलं नाही. एक आठवडा मागे गेलो तर रोज तेच. तो माणूस काही बोलला नाही, नुसता कार्ड परत लावत होता. वर्षभर पैसे भरायचे, दर पंधरा दिवसांनी मक्याची पोती वाहायची, आणि ते सगळं डुकरांच्या पोटात.

हे फक्त एका लीजवरचं नाही. हिवाळ्याआधी अंगावर चरबी चढवायला हरणाला एकॉर्न लागतात, डुकराला पण तेच लागतात, आणि समोरासमोर आलं तर हरीण बाजूला होतं, भांडत नाही. नुकतं जन्मलेलं पाडस गवतात निपचित पडून राहतं, ते डुकराला वासावर सापडलं तर डुक्कर खातं. बॉबव्हाइट लावे आणि टर्की जमिनीवर अंडी घालतात, तीही जातात. मिसिसिपीमध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जंगलाचे तुकडे कॅमेरे लावून तपासले, तर जिथे डुकरं होती तिथे इतर प्राणी-पक्ष्यांच्या जातींची विविधता २६ टक्क्यांनी कमी निघाली. प्रत्येक ठिकाणी डुक्कर आलं की हरणं मरतात असं मात्र मी म्हणणार नाही, टेक्सासमध्ये आजही पन्नास लाखांच्या वर व्हाइट-टेल हरणं आहेत. हरीण मरत नाही पण जागा सोडतं, वेळ बदलतं, चांगलं खाणं गमावतं. ज्या जमिनीसाठी शिकारी पैसे मोजतो ती जमीन त्याच्या कामाची राहत नाही.

मग इतक्या बंदुका असताना हे आवरत का नाही? कायद्याची आडकाठी म्हणाल तर टेक्सासमध्ये ती जवळपास नाहीच. डुकराला सीझन नाही, संख्येची मर्यादा नाही, रात्री मारा, दिवसा मारा. २०११ मध्ये विधानसभेने पैसे देऊन हेलिकॉप्टरमधून मारायची परवानगी दिली, तोच तुमचा व्हिडिओ. २०१७ मध्ये हॉट एअर बलूनमधून मारायला परवानगी दिली. २०१९ मध्ये खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने मारायचं असेल तर शिकारीचं लायसन्सही लागणार नाही असं केलं. याहून जास्त मोकळीक कशी द्यायची मला सुचत नाही. आणि तरीही टेक्सास देशात डुकरांच्या बाबतीत सगळ्यात वर आहे, आणि २०१८ च्या फार्म बिलमध्ये, म्हणजे केंद्राच्या शेती कायद्यात, केंद्राला फक्त डुकरांच्या नायनाटासाठी साडेसात कोटी डॉलर वेगळे काढावे लागले.

कारण पहिलं, नुसतं गणित. डुकरी सहा-आठ महिन्यांत वयात येते, ११५ दिवसांत विते, एका वेताला पाच-सहा पिल्लं सहज होतात. संख्या आहे तिथेच ठेवायची तरी वर्षाला साधारण ७० टक्के काढावी लागतात असं संशोधक धरतात. शंभरातली सत्तर, दरवर्षी, न चुकता. शनिवार-रविवारी येणारा शिकारी दोन मारतो, त्यातही दाताळ मोठा नर निवडतो कारण फोटो त्याचा चांगला येतो, आणि नर गेल्याने पैदास थांबत नाही. उरलेल्या माद्या पिल्लं घेऊन दुसऱ्याच्या रानात जातात, रात्री बाहेर पडायला शिकतात, बंदुकीला आणि पिंजऱ्याला ओळखायला लागतात. इथले ट्रॅपवाले अशा डुकरांना शिकलेली डुकरं म्हणतात, आणि त्यांना पकडणं फार अवघड असतं.

दुसरं कारण माझ्या मते त्याहून मोठं आहे आणि आपल्याकडच्या चर्चेत ते येतच नाही. डुकराच्या शिकारीला गिऱ्हाईक मिळालं की डुक्कर उत्पन्न होतं. हेलिकॉप्टरमधून गोळ्या मारायला लोक हजारो डॉलर मोजतात, त्यावर कंपन्या चालतात, रँचवाल्याला हरणाचा सीझन संपल्यावर डुकरांचे पैसे मिळतात. अशा माणसाला डुक्कर संपलेलं हवं असेल का? टेनेसीचं उदाहरण बघा. तिथे डुकरं पूर्वेच्या डोंगराळ भागातल्या मोजक्या काउंट्यांपुरती होती. १९९९ मध्ये राज्याने विचार केला की शिकार राज्यभर खुली करू, कितीही मारा, म्हणजे आपोआप कमी होतील. पुढच्या दहा-बारा वर्षांत डुकरं ९५ पैकी जवळपास ८० काउंट्यांत पसरली. चालत नाही पसरली, लोकांनी ट्रेलरमध्ये भरून आपापल्या भागात नेऊन सोडली, जवळ शिकार मिळावी म्हणून. २०११ मध्ये राज्याने कान धरले आणि खुली शिकार बंद केली. त्याउलट कान्सासने २००६ मध्येच डुकराच्या हौशी शिकारीवर बंदी घातली, सरकारी माणसांनी पिंजरे लावून आणि हवेतून मारून काम केलं, आणि तिथे आज डुकरं अगदी थोडी आहेत. मिसूरीने २०१६ मध्ये आपल्या संवर्धन खात्याच्या जमिनींवर हाच निर्णय घेतला. शिकारी चिडले, साहजिक आहे, पण निर्णय टिकला.

बक्षिसाचंही तसंच. जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंग या लष्करी तळावर २००७ मध्ये डुकराच्या एका शेपटीला ४० डॉलर अशी योजना काढली. शेपट्या भरपूर आल्या, काही तर बाहेरून आणल्याचा संशय आला, आणि डुकरं कमी झाली नाहीत, वाढली. १९०२ मध्ये हनोईत फ्रेंचांनी उंदराच्या शेपटीला पैसे लावले तेव्हा लोक शेपटी कापून उंदीर सोडून द्यायला लागले होते, शिवाय पाळायलाही लागले होते. शंभर वर्षांनी तीच चूक. आपल्याकडेही इंग्रजांचं पिगस्टिकिंग आठवा, घोड्यावर बसून भाल्याने रानडुक्कर मारायचा खेळ, मेरठकडे त्याची कादिर कप नावाची स्पर्धाच भरायची. त्या साहेबांच्या भागात डुकरावर कुणी गोळी झाडली तर ते हलकट काम समजलं जायचं. कशासाठी? खेळायला डुक्कर उरावं म्हणून. पिकाचं काय होतं याची चौकशी त्या भालेवाल्यांनी केल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

आता समोरच्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेतो, कारण तो टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. अमेरिकेत हरीण शिकाऱ्यांनीच वाचवलं, हे खरं आहे. १९०० च्या सुमारास अख्ख्या देशात व्हाइट-टेल पाच लाखांच्या आसपास उरलं होतं, आज ते तीन कोटींच्या घरात आहे. १९०० च्या लेसी कायद्याने मांसाच्या चोरट्या व्यापाराला चाप लावला, १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांसाठी राखला, आणि शिकाऱ्यांनी तो कर स्वतः मागून घेतला. मी याबद्दल त्यांचा आदर करतो. पण हे उदाहरण नीट बघितलं तर ते माझ्याच बाजूने जातं. शिकाऱ्याला हरीण हवं होतं म्हणून त्याने सीझन पाळला, पैसे भरले, मका टाकला, आणि हरीण साठपट झालं. जी व्यवस्था एका प्राण्याला साठपट करते तीच व्यवस्था दुसऱ्या प्राण्याला लावली की तो संपेल, हे कसं?

यावर कुणी म्हणेल की बंदुकीने जाती संपल्यात की, बायसन बघा, पॅसेंजर कबुतर बघा. बरोबर आहे. पण बायसनला वर्षाला एकच पिल्लू, त्या कबुतराला एका वेताला एकच अंडं, आणि दोघांच्याही मागे हौशी माणूस नव्हता, कातडी आणि मांस विकणारा धंदेवाईक बाजार होता ज्याला उद्याचं काही पडलं नव्हतं. सगळ्यात शेवटचं कबुतर १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणीसंग्रहालयात मेलं. सहा पिल्लं घालणारं, काहीही खाणारं, रात्रीत रान बदलणारं डुक्कर त्या रांगेत बसत नाही.

आणखी एक मान्य करतो. हेलिकॉप्टर निरुपयोगी नाही. मोकळ्या माळरानावर प्रशिक्षित सरकारी टीम एका दिवसात अख्खा कळप उचलते आणि त्या भागातली सगळी संपेपर्यंत परत परत येते, त्याचा परिणाम होतो. मग फरक कुठे आहे? काम कुणाचं आहे यात. एकाला यादीतलं शेवटचं डुक्कर हवंय, दुसऱ्याला पुढच्या वर्षीचं बुकिंग. माझ्या शेजाऱ्यानेही शेवटी बंदूक बाजूला ठेवली आणि दोन गोष्टी केल्या. फीडरभोवती अडीच-तीन फूट उंचीची जाळीची पॅनल लावली, हरीण त्यावरून सहज उडी मारतं, डुकराला ती जमत नाही, म्हणजे मक्याचा खुराक बंद. आणि रँचमालकासोबत गोल पिंजरा आणला, ज्याचं दार कॅमेऱ्यावर बघून मोबाइलवरून पाडता येतं. दोन आठवडे नुसता मका टाकला, दार उघडं, कुणी आत जातंय कुणी बाहेरच थांबतंय. चौदाच्या चौदा आत आल्यावर रात्री पावणेतीनला त्याने घरात पलंगावर बसून बटण दाबलं. बारा आत असताना दाबलं असतं तर उरलेल्या दोन माद्या शिकल्या असत्या.

मग महाराष्ट्राचं काय? इथून आरामात बसून शेतकऱ्याला शहाणपण शिकवायचं नाही, कारण काकांसोबत मी माळ्यावर जागल केलीय. रात्रभर टॉर्च मारायचा, डबा वाजवायचा, शेताभोवती बायकांच्या जुन्या साड्या बांधायच्या, आणि पहाटे डोळा लागला की तेवढ्यात सोयाबीन लोळवलेलं. त्या माणसाला जंगल त्यांचंच होतं असं सांगणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय की तुमच्या पगारातला चौथा हिस्सा दरवर्षी रात्रीतून कुणी नेला तर तुम्ही किती वर्षं हे वाक्य म्हणाल? शेतकरी शेवटी तारेत करंट सोडतो, त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो, कधी शेजारचा माणूस मरतो. परवानगी न देण्याचीही किंमत असते आणि ती अशी मोजली जाते.

पण डुकराला हात लावला की जेल हेही अर्धवट आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याला मारायची परवानगी देण्याची सोय आहे, रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या परिशिष्टात गेलं तरी ती सोय आहे. महाराष्ट्राने रोही (नीलगाय) आणि रानडुकरासाठी २०१५ मध्ये शासन निर्णयही काढला. अडचण आहे ती अर्जाची, वेळेची, आणि परवानगी मिळाल्यावर मारणार कोण याची. केरळने २०२२ मध्ये हा अधिकार पंचायतीच्या प्रमुखापर्यंत खाली आणला, यावर आपण बोलायला पाहिजे. त्याऐवजी जून २०१६ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जावडेकर आणि महिला-बालविकास मंत्री मनेका गांधी हे एकाच सरकारातले दोन मंत्री जाहीरपणे भांडले तेव्हापासून आपण तिथेच अडकलोय, उपद्रवी प्राणी घोषित करा की नको करू.

आणि आपलं डुक्कर परकं नाही ही गोष्ट फार मोठी आहे. टेक्सासमध्ये मोठ्या डुकराला खाणारं फारसं कुणी नाही, ताडोब्यात वाघ खातो, बिबट्या खातो, रानकुत्री खातात. चितळ आणि डुक्कर आपल्या जंगलात एकमेकांसोबत वाढलेत, तिथे डुकराने हरणाची जागा बळकावली असं कुणी म्हणत नाही. त्यामुळे आपल्याला ते जंगलातून संपवायचंच नाहीये, शेतातून काढायचंय. त्यासाठी गावाच्या सीमेवरचा कळप, पूर्ण कळप, वनखात्याच्या किंवा नेमलेल्या माणसांनी, पिंजऱ्याने किंवा गोळीने, ठरावीक दिवसांत काढणं आणि सगळ्या शिवाराला मिळून एक कुंपण घालणं, हे करता येतं. एकट्याने झटका मशीन, म्हणजे तारेला हात लागला की झटका देणारं यंत्र, लावली की डुक्कर शेजाऱ्याकडे जातं, हे विदर्भातला प्रत्येक शेतकरी जाणतो. बाहेरून हौशी शिकारी आणले, फोटो काढले, तर दोन वर्षांनी रानात डुकरं टिकावीत असं वाटणारा एक नवीन गट तयार होईल, आणि तो शेतकरी नसेल.

काकांनाही तो हेलिकॉप्टरचा व्हिडिओ कुणीतरी पाठवला होता. मागच्या रविवारी फोनवर मी त्यांना शेजाऱ्याच्या पिंजऱ्याचं सगळं सांगितलं, फोटो पाठवले. त्यांनी ते बराच वेळ बघितले असावेत, कारण अर्ध्या तासाने परत फोन आला. हेलिकॉप्टरबद्दल एक शब्द नाही. दाराची रुंदी किती, जाळी किती गेजची, खालून उकरून निघत नाही का, आणि मग, "आपल्या गावच्या वेल्डरले जमते हे, पण चौघांनी मिळून करा लागन. परवानगीचं पहिले विचारतो."